जबड्याखालची टिकली

पांगरखेडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातलं बीपीचं तिसरं यंत्रही बिघडलं, तेव्हा रत्नमाला वाठोरे सिस्टरनं कंपनीच्या नावानं चार शब्द ऐकवले, यंत्र खोक्यात भरलं आणि दुरुस्तीला पाठवून दिलं. तक्रार एकच होती : दाब जास्त दाखवतं.

जास्त दाखवतं हे तिला कसं कळलं? तर सगळ्या नर्सेसना कळतं तसंच. रक्ताचे नमुने ड्रोननं जिल्ह्याला जायला लागून आता बरीच वर्षं झाली होती, गरोदर बायांच्या नोंदी बोटाच्या एका टिचकीसरशी मुंबईला पोचत होत्या, पण यंत्र बरोबर चालतं की नाही हे तपासायची रीत जुनीच राहिली होती. ओपीडी सुरू व्हायच्या आधी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधायचा आणि बटण दाबायचं. आपण धडधाकट उभ्या आहोत, म्हणजे आकडा एकशेवीसच्या आसपास यायलाच हवा. नाही आला तर दोष यंत्राचा. रत्नमालाच्या दंडावर पहिल्या यंत्रानं एकशेअडुसष्ट दाखवले, दुसऱ्यानं एकशेबहात्तर, तिसऱ्यानं त्याहून जास्त. तिन्ही यंत्रं तिनं मोडीत काढली. चौथं कपाटात कुलूपबंद होतं म्हणून वाचलं.

पंधरवड्यानं यंत्रं परत आली. ती घेऊन आलेला कंपनीचा मेकॅनिक बोलायला जरा बिचकत होता.

"सिस्टर, यांच्यात काहीच फॉल्ट नाही. तुम्ही चेक कोणावर केलं होतं?"

"माझ्यावर. अजून कोणावर करणार?"

मेकॅनिकनं खाली पाहिलं. शेजारच्या टेबलाशी केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. शिरीन पटेल बसल्या होत्या. त्या आधी हसल्या, मग त्यांचं हसू ओसरलं. उठून त्यांनी स्वतः रत्नमालाच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशेअठ्ठ्याहत्तर, खालचा एकशेदहा.

"सिस्टर, बसा."

"मॅडम, बाहेर लाईन लागली आहे."

"म्हणूनच सांगते, बसा."

वीस वर्षं गावाचं बीपी मोजणाऱ्या बाईला स्वतःचं ठाऊक नसावं, यात हसण्यासारखं आहेच. पण सरकारनं सगळ्या नर्सेसची तपासणी करवली तेव्हा रत्नमालासारख्या इतक्या निघाल्या की हसायला कोणी उरलं नाही. कारण शोधायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नव्हती. तिघींचं काम एकीच्या अंगावर. बाळंतपणं, लसीकरण, मोबाईलवरची माहिती, वरून साहेबांचे फोन आणि खालून नातेवाइकांच्या शिव्या. जेवणाला वेळ नाही, झोपेला ठिकाण नाही. शेजारच्या केंद्रातली सिंधू कऱ्हाळे सिस्टर भर लसीकरणात, हातात सिरिंज असताना कोसळली होती. रत्नमाला तिला भेटायला गेली तेव्हा सिंधूच्या तोंडाची एकच बाजू हसली. त्या दिवसापासून रत्नमालानं मनात धास्ती घेतली. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलती एक लेक ऋतुजा अकोल्याला नोकरीला. आपण अंथरुणाला खिळलो तर पोरीच्या गळ्यात पडू, एवढंच तिला दिसायचं.

यावर उपाय म्हणजे रिकाम्या जागा भरणं. सरकारनं तो सोडून बाकी सगळे उपाय पाहिले आणि शेवटी टिकली आणली.

तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. टिकली हे नर्सेसनी ठेवलेलं. गव्हाच्या दाण्याएवढी ती चीज उजव्या जबड्याखाली कातडीत सरकवत, आणि बाहेरून फक्त एक गोल डाग दिसायचा. तिचं काम मात्र मोठं चलाख होतं. आपल्या मानेत दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या जाड रोहिण्या असतात. त्यांना जिथं फाटा फुटतो तिथल्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू बसलेले असतात. रक्ताचा जोर वाढला की भिंत ताणली जाते, तंतू मेंदूला तसं कळवतात, आणि मेंदू हृदयाला हळू चालायला लावतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. वर्षानुवर्षं दाब चढाच राहिला की हे पहारेकरी त्याला सरावतात आणि कळवेनासे होतात. टिकली त्यांच्या जागी बसून मेंदूला सारखा खोटा निरोप धाडायची : दाब फार झाला, आवर. मेंदू बिचारा विश्वास ठेवायचा.

नर्सेसना ती सक्तीची होती. बसवल्यावर महिन्याभरात रत्नमालाचा आकडा एकशेअठरावर येऊन बसला आणि तिथून हलला नाही. डोकेदुखी गेली, झोप लागायला लागली. आणि आणखी एक झालं. उपसरपंचानं व्हरांड्यात उभं राहून आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तरी ती शांतपणे त्याच्या पोराच्या जखमेला टाके घालत राहिली. "वाठोरे शिस्टर लय थंड झाल्या बा," असं गाव म्हणायला लागलं. तिलाही ते आवडलं. आधी जिल्हा रुग्णालयात तिची वेगळीच ख्याती होती. वाठोरे सिस्टरचं धाबं दणाणलं की ॲम्ब्युलन्स निघालीच म्हणून समजा, असं तिथले डॉक्टर वैतागून म्हणत. नियमात न बसणाऱ्या किती तरी बाया तिनं नुसत्या स्वतःच्या पोटात पडलेल्या खड्ड्यावरून पाठवल्या होत्या. आता ती नियमानं पाठवायची, आणि डॉक्टर खूश होते.

आठव्या महिन्यात ऋतुजा माहेरी आली. पहिलं बाळंतपण आईकडेच करायचं, त्यात आई नर्स, म्हणून सासरचेही निर्धास्त होते. केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये मायलेकींनी जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली, टोपडी केली. सगळं सुरळीत चाललं होतं.

एका सकाळी ऋतुजा उठली तीच कपाळ दाबत.

"आई, डोकं लय दुखून रायलं. समोर काजवे चमकल्यासारखं होते."

रत्नमालानं लेकीकडे पाहिलं. पापण्या सुजलेल्या, नाकाचा आकार बदललेला, बोटातली अंगठी मांसात रुतलेली. असे चेहरे तिनं वीस वर्षांत पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांचा अर्थ तिला पाठ होता. तिनं पट्टा बांधला. एकशेअडतीस, अठ्ठ्याऐंशी. एकशेचाळीसच्या वर गेल्याशिवाय पुढं पाठवायचं नाही, असा नियम होता.

"डाव्या कुशीवर पडून राहा. दुपारी आल्यावर परत मोजते, लघवीपण तपासू," ती म्हणाली आणि लसींचा डबा घेऊन तांड्यावर लसीकरणाला गेली.

आधीची रत्नमाला असती तर त्या चेहऱ्यानं तिच्या पोटात गोळा उठला असता, हातपाय गार पडले असते, आणि आकड्याला विचारत न बसता तिनं लेकीला गाडीत घातलं असतं. त्या सकाळी तिच्या हृदयाचा एक ठोकाही चुकला नाही. मनात माहिती आली, माहिती जागेवर बसली, आणि ती चालू लागली.

दुपारच्या आतच गोदाबाईचा फोन आला. गोदाबाई केंद्रातली आया, डबा द्यायला क्वार्टरवर गेली होती. "बाई, या लवकर. पोरीले झटके येऊन रायले."

रत्नमाला आली. तिनं ऋतुजाला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला, झटक्यांचं इंजेक्शन भरलं आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना दिलं. तिचा हात जराही थरथरला नाही. पटेल मॅडमनी नंतर त्या हाताचं कौतुक केलं. जिल्ह्याला पोट फाडून बाळ काढलं. मुलगा होता. तो रडला नाही.

ऋतुजा वाचली ती न थरथरलेल्या हातामुळे, आणि बाळ गेलं ते सकाळी न दचकलेल्या जिवामुळे, हे रत्नमालाला स्वच्छ कळत होतं. कोणी विचारलं असतं तर तिनं ते तसंच सांगितलंही असतं. पण ते कळणं डोक्यातच थांबायचं, खाली उतरायचं नाही.

बाळाला सुमेधनं, म्हणजे जावयानं, जिल्ह्याच्या गावीच मातीआड केलं. ऋतुजाला क्वार्टरवर आणलं. रत्नमाला तिच्या टाक्यांची काळजी घ्यायची, दुधानं भरून आलेल्या छातीवर पट्टा बांधायची, गोळ्या वेळेवर द्यायची, मेथीची भाजी करायची. त्यात कुठं उणं काढायला जागा नव्हती. एक दिवस ऋतुजानं कपाट उघडलं, तर दुपट्यांचा कप्पा रिकामा.

"आई, इथली दुपटी?"

"दिली. तांड्यावरच्या एका बाईला मुलगी झाली, तिच्याकडं काहीच नव्हतं. वापरात येतील."

ऋतुजा कपाटाचं दार धरून उभी राहिली. मग तिनं दार हळूच लावलं. त्या क्षणी रत्नमालाच्या ध्यानात आलं की आपण काही तरी भयंकर केलं आहे. ते भयंकर आहे हे तिनं लेकीच्या चेहऱ्यावरून ओळखलं. स्वतःच्या आत तिला काही सापडलं नाही.

सुमेध न्यायला आला त्या दिवशी पिशव्या गाडीत ठेवून झाल्यावर ऋतुजा एकटी परत घरात आली.

"आई, त्या दिवशीचा राग नाही माझा. चूक कोणाचीही होते. पण तू रडली नाहीस. एकदाही. मी रात्रंदिवस रडते, सुमेध बाथरूममध्ये जाऊन रडतो, आणि तू मला विचारते, पोट साफ झालं का. त्याला तूच पहिल्यांदा हातात घेतलं होतं ना? डॉक्टरनं तुलाच दिलं होतं."

"हो."

"मग?"

रत्नमालानं बीपीच्या उरलेल्या गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढं धरलं. खोटं सांगायचं तिला सुचलं नाही.

"ती टिकली बसवल्यापासून तू अशी झालीस. ती काढ आणि मग माझ्याकडं ये. तशी येऊ नको. फोनपण करू नको. तुझा आवाज ऐकला की मला वाटते, माझं बाळ झालंच नव्हतं."

गाडी गेली. जिवाला चटका बसायला हवा होता, तो बसला नाही. पण रत्नमाला काही दगड नव्हती, तिला विचार करता येत होता. जगात आपलं एकच माणूस आहे आणि ते आपण गमावतो आहोत, हे तिनं नीट समजून घेतलं, आणि ते गमवायचं नाही असं ठरवलं. आतून हाक आली म्हणून नव्हे. रोग्याला औषध चुकू द्यायचं नाही, हे जसं ती ठरवायची, तसंच ठरवलं. तरी तिनं फोन केलेच. ऋतुजानं उचलले नाहीत.

असेच दोन महिने गेले असतील. एका सकाळी लसींचा नवा साठा आला. केंद्रातला लसींचा फ्रीज पेटीसारखा, वरून उघडणारा. त्याचं झाकण उघडं राहावं म्हणून लावलेला दांडा कधीचाच तुटला होता, आणि केंद्रातल्या सगळ्या बाया आत वाकताना ते मानेखांद्यावर तोलून धरत. एरवी हे काम गोदाबाईचं. त्या दिवशी ती औषधांची खोकी उतरवत होती, म्हणून रत्नमालाच वाकली. दोन्ही हात बाटल्या लावण्यात गुंतलेले, झाकण मानेवर, आणि झाकणाच्या कडेची रबरी पट्टी जबड्याखाली दाबलेली.

आधी कानात धडधड ऐकू आली. फ्रीजची मोटर असेल, असं तिला वाटलं. मग ती धडधड छातीत उतरली. तळहातांना घाम फुटला, आणि काही कळायच्या आत ते आलं. कापडात गुंडाळलेलं वजन हातात आलं. निळसर ओठ दिसले. कपाळावर चिकटलेले भरपूर काळे केस दिसले, ऋतुजा जन्मली तेव्हा होते अगदी तसे. रत्नमाला फ्रीजमध्ये तोंड खुपसून गुरासारखी हंबरली.

"बाई, काय झालं वं? करंट लागला काय?" गोदाबाईनं धावत येऊन तिला मागं ओढलं. झाकण धाडकन पडलं.

रत्नमाला फरशीवर बसली. गाल ओले होते. गोदाबाई पाणी घेऊन येईपर्यंत धडधड विरत गेली, आणि मिनिटाभरात तिथं नेहमीची, शांत, एकशेअठराची सिस्टर बसलेली होती. तिनं उठून उरलेल्या बाटल्या लावल्या. मग ती पटेल मॅडमच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

सगळं ऐकून घेतल्यावर डॉ. शिरीननी हातातलं पेन खाली ठेवलं.

"झाकणाच्या पट्टीत लोहचुंबक असतं, सिस्टर. टिकलीच्या आत एक बारीक कळ आहे. ऑपरेशनच्या वेळी टिकली थांबवता यावी म्हणून ठेवलेली. चुंबक जवळ आलं की टिकली गप्प. दूर गेलं की परत चालू."

"म्हणजे ते रडणं खरं होतं?"

"खरंच होतं. आपल्याला वाटतं, भीती आणि दुःख डोक्यात तयार होतं आणि मग छाती धडधडते. तसं नसतं. मेंदू सारखा हृदयाकडं कान लावून असतो. ते जोरात धावायला लागलं की मेंदू म्हणतो, अरे, काही तरी भयंकर आहे. तुमचं हृदय धावतच नाही. त्यामुळं बातमी येते, पण वाटत काही नाही. हे आता बाहेरच्या देशांत लिहून यायला लागलंय. आपल्याकडं कोणी बोलत नाही."

"तुम्ही टिकली लावली का, मॅडम?"

"नाही," डॉ. शिरीन म्हणाल्या. "डॉक्टरांना सक्ती नव्हती." आणि त्यांनी नजर दुसरीकडं वळवली.

रत्नमालानं टिकली काढायचं विचारलं. ते सोपं नव्हतं. इतके महिने दुसऱ्याच्या भरवशावर राहिलेलं शरीर स्वतःचा दाब सांभाळायचं विसरून गेलं होतं. एकदम काढली तर आकडा आधीच्याही वर उसळणार, मेंदूत एखादी शीर फुटणार. गोळ्या सुरू करून हळूहळू सोडवायला सहा महिने, आणि तेवढा काळ लेबर रूमची ड्यूटी बंद. तिच्यामागं दुसरी नर्स नव्हती. लेबर रूम बंद म्हणजे पंचवीस गावांच्या बाया रस्त्यावर.

"आणि थोडा वेळ थांबवली तर? चुंबकानं?"

"सिस्टर, सिंधूताईंना पाहिलंय ना तुम्ही?"

"पाहिलंय. किती वेळ चालेल?"

"अजिबात चालणार नाही," डॉ. शिरीन म्हणाल्या. रत्नमाला जागची हलली नाही, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "एकशेनव्वदच्या वर आकडा जाऊ द्यायचा नाही. एवढंच सांगते, आणि हे मी सांगितलेलं नाही."

केंद्रामागच्या भंगारात जुना फ्रीज पडलेला होता. रत्नमालानं त्याच्या झाकणाची वीतभर पट्टी कापून घेतली, एका दिवसाची रजा टाकली आणि अकोल्याची एसटी पकडली. मोटारीत तिला कसली हुरहूर नव्हती. खिडकीतून ती कापसाची शेतं बघत राहिली. आपण कदाचित मरायला चाललो आहोत, असा एक विचार मध्येच आला. त्याला तिनं बाजूला सरकून जागा दिली.

दार सुमेधनं उघडलं. "आई, तुम्ही?" म्हणून तो गोंधळला, मग त्यानं हातातली पिशवी घेतली. ऋतुजा आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. ती वाळून गेली होती. तिनं आईच्या गळ्याकडं पाहिलं.

"काढली नाहीस तू."

"काढता येत नाही एवढ्यात. पण थांबवता येते." रत्नमालानं पट्टी पलंगावर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं, दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं, काहीही न लपवता. "बीपीचं यंत्र आहे ना तुझ्याकडं? तुला दिलेलं. ते माझ्या दंडाला बांध. आणि ही पट्टी तू धर. मी धरली तर सोडून देईन."

"काहून?"

"त्या दिवशी फ्रीजपाशी मला ते सोसलं नाही. माझा हात आपोआप निघेल."

सुमेध दारात उभा होता. "आई, हे काही बरोबर वाटत नाही मला," तो म्हणाला. ऋतुजा त्याला म्हणाली, "तू बाहेर बस थोडा वेळ." तिचा आवाज कोरडा होता. दोन महिने तिनं याच घटकेची वाट पाहिली होती. तिनं पट्टा बांधला, पट्टी उचलली आणि आईच्या जबड्याखाली दाबून धरली.

आधी काहीच झालं नाही. रत्नमाला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहत होती. यंत्र थांबून थांबून आपोआप मोजत होतं. आकडा एकशेतीस झाला. मग एकशेपन्नास. तिची मान लाल होत गेली, नाकपुड्या फुलल्या. तिनं नजर घड्याळावरून काढून लेकीच्या चेहऱ्याकडं नेली, आणि तिथून तिला ती हलवता येईना.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझं तोंड पाहिलं ना मी सकाळी, तेव्हाच कळलं होतं. अंगठी रुतली होती तुझी. मला माहीत होतं गं ते काय आहे. दुसऱ्यांच्या लेकींना मी तेवढ्यावर गाडीत घातलंय. तुला म्हणाले, कुशीवर झोप. आणि गेले. मला भीतीच वाटली नाही, ऋतू. माझ्या पोरीसाठी मला भीती वाटली नाही."

आणि मग ती फुटली. तोंड वाकडंतिकडं करून, नाक गळत, लहान पोरासारखी. हात तिनं स्वतःच्या पोटावर आवळून धरले होते. तिच्या मानेवरची शीर ऋतुजाच्या बोटांखाली थाडथाड उडत होती. पण ऋतुजानं पट्टी सोडली नाही. हे तिला हवं होतं. आपल्या बाळासाठी एवढं मोठं रडणारं कोणी तरी हवं होतं.

"गरम होता तो," रत्नमाला हुंदक्यांतून बोलत होती. "अजून गरम होता. मी त्याच्या छातीवर बोटं ठेवून दाबत होते. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, बस. मी लगेच थांबले. लगेच कशी थांबले मी? दुसऱ्याचं असतं तरी एवढ्यात थांबले नसते."

यंत्र वाजलं. ऋतुजानं पाहिलं. दोनशेचार. आईच्या एका डोळ्यातला पांढरा भाग लाल झालेला दिसला, आणि जीभ जड झाल्यासारखे तिचे शब्द अडखळायला लागले.

"आई, बस आता."

"राहू दे." रत्नमालानं तिचं मनगट घट्ट पकडलं. "राहू दे, ऋतू. आत्ता कुठं तो मला दिसतोय."

"आई, सोड."

"त्याचे केस..."

"आई, एक गेलं माझं. तेवढं पुरे." ऋतुजानं दुसऱ्या हातानं आईची बोटं एकेक करून सोडवली आणि पट्टी ओढून घेतली.

"त्याचे केस," रत्नमाला रडत म्हणत होती, "तुझ्यासारखे दाट, कपाळावर असे..." आणि बोलता बोलता तिचा आवाज सपाट होत गेला, "...पुढं आलेले होते." वाक्य संपेपर्यंत तिचं रडणं थांबलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, यंत्राकडं पाहिलं. आकडा उतरत होता. "एकशेसाठ," ती म्हणाली. "उतरतंय. घाबरू नको."

आणि आता ऋतुजा रडायला लागली. आजवर ती बाळासाठी रडली होती. हे रडणं समोर बसलेल्या या बाईसाठी होतं, जिच्या गालावर अजून ओल होती आणि डोळे कोरडे ठाक झाले होते. रत्नमालानं तिला जवळ ओढलं, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. तिला काही वाटत नव्हतं. पण अशा वेळी हात फिरवायचा असतो हे तिला ठाऊक होतं, आणि ती तो फिरवत राहिली, थांबली नाही. सुमेध आत आला, दोघींकडं पाहून पलंगाच्या कडेला खाली बसला.

बऱ्याच वेळानं ऋतुजा उठली. तिनं ती रबरी पट्टी उचलली, कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

"हे माझ्यापाशी राहील. तिकडं गेल्यावर तू दुसरी कापशील, तर मला पटेल मॅडम सांगतील. एकटीनं लावायची नाही."

"बरं."

"गोळ्या सुरू कर. सहा महिने लागले तर लागू दे. लेबर रूमचं सरकार पाहील."

पंचवीस गावांच्या बाया रत्नमालाच्या डोळ्यांपुढून जाऊन आल्या. त्यांच्यात उद्या एखादीचा चेहरा सुजलेला असणार, आणि आकडा एकशेअडतीसच असणार, हेही तिला कळत होतं. तो चेहरा पाहून आपण तिला कुशीवर झोपायला सांगू, हेही.

"सुरू करते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आज रात्रीपासून. तुझ्याच गोळ्यांतली एक दे, उद्या मॅडमना फोन करते."

ऋतुजानं तिच्याकडं निरखून पाहिलं. आई हे आतून वाटून म्हणते की नुसतं बरोबर आहे म्हणून म्हणते, ते चेहऱ्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. तिनं ते विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिघांच्या पोळ्यांसाठी कणीक काढली.

पांगरखेडची शेवटची गाडी साडेपाचला सुटायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लेबर रूमची ड्यूटी होती, आणि वीस वर्षांत रत्नमालानं एकही ड्यूटी चुकवली नव्हती. पाच वाजता सुमेधनं स्टँडवर सोडू का म्हणून विचारलं. ती परातीशी बसली होती. नको, आज राहते, म्हणाली, आणि कणीक मळायला घेतली.